दगड वाजवून बघणारे

डॉक्टरबाईंनी थाँगयॉयच्या पाठीवर डावा पंजा टेकवला आणि उजव्या हाताच्या बोटाने ठोकून पाहिलं. म्हातारा गालात हसला. चाळीस वर्षं त्याने दुसरं काय केलं होतं? थायलंडातल्या आंगसिलाच्या किनाऱ्यावर खलबत्ते घडवायला दगड तो असाच निवडायचा. बोटाच्या पेराने ठोकायचा, कान लावायचा. खणखणीत वाजला तर छिन्नी, बद्द वाजला तर बाजूला. तो कान लावायचा तेव्हा सोबतचे कारागीर, पायथून, सावाट आणि त्याचा धाकटा भाऊ, सगळे हात थांबवायचे. फार सुखाचे दिवस होते. धुळीने भुवया पांढऱ्या व्हायच्या आणि सगळे एकमेकांना म्हातारा म्हणून चिडवायचे. खरं म्हातारपण मात्र एकट्या थाँगयॉयलाच मिळालं.

"बद्द वाजलं ना?" त्यानेच विचारलं.

डॉक्टरबाईंनी छातीचा फोटो उजेडात धरला. "काका, आत आपले राखणदार असतात. धूळ आली की गिळतात. जंतू असता तर पचला असता. दगड कसा पचणार? राखणदार मरतो, दगड तसाच बाहेर पडतो. मग दुसरा येऊन तोच दगड गिळतो. तोही मरतो. मागे वण राहतात. तुमच्या छातीत आता वणच फार झालेत."

"पहिल्याचं बघून दुसऱ्याला शहाणपण येत नाही का मेल्याला?"

"नाही येत."

"मला काम सोडून सहा वर्षं झाली, बाई."

"धूळ आतच आहे ना. त्यांचं चालूच आहे."

थाँगयॉयला कामाची जागा आठवली. झाडाच्या सावलीतला पाट पायथूनचा. तो खोकून खोकून गेल्यावर तिथे सावाट बसला. सावाटनंतर भाऊ, भावानंतर तो स्वतः. सावलीची जागा, कोण सोडणार? आता तिथे त्याची मुलगी लामाय बसायची. बाबांचा हात माझ्यात उतरलाय, असं गिऱ्हाइकांना सांगायची, आणि ते ऐकून त्याला बरं वाटायचं.

लामाय कामावरून तशीच आली होती. हातात छिन्न्यांची पिशवी, भुवया पांढऱ्या.

"इकडे ये. पाठ कर."

"बाबा, लोक बघतायत."

"बघू देत. बाई, तो पंखा जरा बंद करा."

पंखा थांबला. त्याने पेराने तिच्या पाठीवर ठोकलं आणि कान लावला. खोलीत कुणी हललं नाही.

"वाजतंय अजून," तो म्हणाला, आणि तिच्या हातातली पिशवी ओढून आपल्या मांडीखाली दाबून बसला.