चार दिवस निवलेला घुमट

"आत डोकावायचं नाही, चिमणे. काच निवतेय."

सात वर्षांची असताना ती निववणीच्या भट्टीच्या दाराला नाक लावून उभी होती, तेव्हा बाबांनी तिला फ्रॉकला धरून मागे ओढलं होतं. म्हणाले होते, "गरम काच बाहेरून आधी निवते. कातडी आकसते, पोट तापलेलंच राहतं. मग आतल्या आत ओढाताण. आणि वरून बघशील तर कशी हसरी दिसते!"

आता ती चौतिशीची होती. निववणीची भट्टी तीच सांभाळत होती. आणि आज शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आपली वस्तू न्यायला कारखान्याच्या दारात उभ्या होत्या.

टेबलावर, चौघडी घातलेल्या घोंगडीवर, काचेचा घुमट उभा होता. हातभर उंच, डोक्यावर काचेचीच मूठ. आतली हवा ओढून घेतली की आत वाजणारी घंटी मुलांना ऐकू येईनाशी होते, त्या प्रयोगासाठी केलेला.

काच फुंकायचं एवढं मोठं काम बाबांनी तीन वर्षांत अंगावर घेतलं नव्हतं. सत्तरी उलटली होती, चहाची कपबशी त्यांच्या हातात किणकिणायला लागली होती. घुमट निववणीत ठेवताना ते बोलून गेले होते, "हा धड निघाला तर अजून चार वर्षं फुंकेन. नाही तर फुंकणी खुंटीला." मग दाराच्या फटी ओल्या मातीनं लिंपून घेतल्या. चार दिवस ते दार उघडायचं नसतं.

काल उघडलं. घुमट धड निघाला होता. बाबांनी काल दोन वेळा वाढून घेतलं होतं.

"हात लावू का?" बाईंनी विचारलं.

"लावा की. तो काय चावतोय?"

"मग बरंय. मुलं म्हणतात, वर्गात चावणारी एक मीच पुरे."

बाबा मान मागे टाकून हसले. बाईंनी हात पुढे केला. बोटं अजून वीतभर लांब होती.

आणि घुमट फुटला.

बंदुकीचा बार निघावा तसा. कुणी शिवलं नाही, काही पडलं नाही, वारासुद्धा हलला नाही. उभ्या जागी त्याचे हजार तुकडे झाले. घोंगडीत काच, फरशीवर काच, बाईंच्या उघड्या पिशवीत काच. वरची मूठ तेवढी सबंध राहिली. ती गडगडत टेबलाच्या कडेपर्यंत गेली आणि थांबली.

"मी... मी हात लावलासुद्धा नाही हो," बाई म्हणाल्या. त्यांचा हात अजून पुढेच होता.

बाबा तुकड्यांकडे बघत नव्हते. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते.

ती केरसुणी शोधू लागली. केरसुणी तिच्या समोरच भिंतीला टेकून उभी होती.

बाईंनी एक तुकडा उचलला, उजेडात धरला. वर्गात बोलतात तसं बोलायला लागल्या; धक्का बसला की माणूस आपल्या ओळखीच्या वाटेला लागतं. "काचेतून उष्णता फार सावकाश सरकते. कुठं घाईनं निवली असेल, तर तो ताण आत तसाच कोंडून राहतो. मग कधीही... मध्ये दार उघडलं गेलं होतं का?"

"माझ्या भट्टीचं?" बाबांचा आवाज फाटला. "पन्नास वर्षांत नाही. रोज सकाळी मातीवरून हात फिरवून बघत होतो मी. एक चीर नव्हती." मग अगदी हळू म्हणाले, "दार नाही, बाई. हात. फुंकताना कापला असणार. एका अंगाला जाड, एका अंगाला पातळ. पातळ आधी निवते."

लिंपायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. असं, की चीर दिसू नये.

बाबांनी फुंकणी घेतली, फडक्यानं पुसली, टोकापासून टोकापर्यंत, आणि खुंटीला लावली.

"चिमणे, गॅस बंद कर."

मोठी भट्टी नऊ वर्षं विझली नव्हती. काच वितळवायचं तिच्यातलं मातीचं भांडं एकदा गार झालं की तडकतं. पुन्हा पेटवायची म्हणजे नवं भांडं, नवी मांडणी, महिनाभराची धग. सत्तरी उलटलेला माणूस ते पुन्हा मांडत नाही.

"बाबा, उद्या बघू ना."

"उद्या काय बघायचंय? बघितलं की आत्ता."

ती गॅसच्या कॉकपाशी गेली. चाक हाताला कोमट लागलं. तिनं ते पाव फेरा फिरवलं. भट्टीची घरघर खाली आली. नऊ वर्षं कानांत वस्तीला असलेली घरघर, तिच्याखाली इतकी शांतता असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे तेवढे दिसत होते.

तिनं चाक उलटं फिरवलं. जाळ पुन्हा घोंघावला.

"बाबा."

ते वळले नाहीत.

"दार लिंपल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुमचं ताट तसंच होतं. 'धड असेल ना गं, धड असेल ना गं', किती वेळा विचारलंत. तुम्हाला सांगता यावं म्हणून माती मी फोडली. दार उघडून बघितलं. धड होता. परत लिंपून टाकलं, आणि तुम्हाला म्हटलं, जेवा, मला वाटतंय धडच असेल." तिनं चाकावरचा हात सोडला नव्हता. "तुमचे हात नव्हेत, बाबा. माझे."