टोपलंभर मासे

"वाढू नोको बाई! कोनी खाल्लं तं नाई ना?"

मागच्या दारातून सोमारी धापा टाकत आत शिरली आणि चुलीवरच्या रश्श्याच्या गंजावर तिनं परात पालथी घातली. रुखमाच्या हातात डाव तसाच राहिला. जंगलाकडच्या गावातून दर बाजाराला मासे घेऊन मूल गावात येणारी ही बाई. गंजात शिजत होते ते मासेही सकाळी तिनंच दिलेले. ऐन जेवणाच्या वेळी येऊन हिचं हे काय भलतंच, म्हणून रुखमाचं डोकं फिरलं.

"पागल झाली का? सोयरे पाटावर बसले ना!"

सोयरे म्हणजे वरोऱ्याचे बापूराव आणि त्यांची बायको मीराबाई. आपल्या मुलासाठी ते रुखमाच्या पोरीला, निरंजनाला पाहायला आले होते. तिचं दोनदा जमता जमता मोडलेलं. आज कशातच कमी पडायचं नाही, असं रुखमानं पक्कं ठरवलं होतं. ताटात भात होता, तळलेली तुकडी होती, फक्त रस्सा यायचा बाकी होता.

"माह्या नवऱ्यानं डोहात औषध टाकलं," सोमारी म्हणाली. "धानाच्या किडीवर फवारतेत ते. मागच्या साली उरलं होतं ते."

सोमारीच्या गावात पावसाळ्याआधी एकदा सगळे मिळून रानातलं एक फळ कुटतात आणि डोहात टाकतात. मासे गुंगून वर येतात. खाण्याजोगे तेवढे उचलायचे. बाकीचे जरा वेळानं शुद्धीवर येऊन निघून जातात. पाणी बिघडत नाही, खाणाराही बिघडत नाही. तिचा नवरा सुकलू यानं मात्र डोकं चालवलं. फळ कुटायला अख्खं गाव लागतं, बाटली ओतायला एकटा पुरतो. मासे गुंगल्याशी मतलब! बायकोला त्यानं सांगितलं, जाळं टाकलं. खरं काय ते तिला आत्ता बाजारात गावचा जंगू भेटला तेव्हा कळलं. डोहावर पाणी प्यायला गेलेली त्याची गाय काठावरच आडवी झाली होती. बेडकं, खेकडे, सगळं पोट वर करून पडलं होतं.

"असं काऊन केलं त्यानं?" रुखमाचा आवाज चिरका झाला.

"तुमीच तं म्हनलं बाई, टोपलंभर पायजे."

म्हणाली होती. मागच्या बाजारात सोमारीनं सांगून पाहिलं होतं, उन्हाळ्यात डोह एवढं देत नाही, घरापुरते आणून देते. त्यावर रुखमा म्हणाली होती, "ते मले सांगू नको. कुठूनबी आन. नाईतं मी दुसरी पाहून घेतो." आणि सकाळी भरलेलं टोपलं बघून ती केवढी खूश झाली होती! मोठ्या मरळी तर होत्याच, वर बारीक मासळीही होती. "हे वरून टाक," म्हणत तिनं तीही ओतून घेतली होती.

बाहेरून रुखमाच्या नवऱ्याचा, खुशालचा आवाज आला. "रस्सा येऊन राह्यला. तुमी करा ना सुरू. तुकडी पाहा बरं कशी झाली!"

रुखमा धावली. मीराबाईंनी तुकडी मोडून घास तोंडाशी नेला होता. रुखमानं जाऊन त्यांचं मनगटच धरलं. घास ताटात पडला. बापूरावांचा हात भातातच थांबला. होणाऱ्या विहिणीचा हात असा धरतात का कुणी? खुशाल बायकोकडे बघतच राहिला, आणि दारात उभी असलेली निरंजना पांढरीफटक पडली.

मांजरानं तोंड घातलं, एवढं म्हणाली असती तरी भागलं असतं. शब्द अगदी ओठावर आले होते. पण मीराबाईंचं मनगट अजून तिच्या हातात होतं.

"हे मासे औषधानं मारले हायेत," रुखमा म्हणाली. "डोहात काईच जितं नाई राह्यलं. एका मानसाची गाय गेली. अन् एवढे मासे मीच मागवले होते. कुठूनबी आन म्हनलं होतं."

 बापूराव उठले, हात धुतला आणि चपला घालून अंगणात जाऊन उभे राहिले. खुशाल त्यांच्या मागे गेला. मीराबाई मात्र बसूनच होत्या. त्यांनी विचारलं, "आमच्यासाठीच मागवले होते ना?"

रुखमानं मान डोलावली. डोळ्यांतलं पाणी तिला काही केल्या आवरेना.

मीराबाई उठल्या. स्वतःचं ताट त्यांनी स्वतःच उचललं आणि मागच्या अंगणात आणलं. तिथं सोमारी सब्बलीनं खड्डा खणत होती. कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागू नये म्हणून तो खोल हवा होता. गंजातला रस्सा गेला, मागोमाग ताटातल्या तुकड्या गेल्या. शेवटी निरंजनानं न शिजवलेली बारीक मासळी आणली आणि टोपलं पालथं केलं. करंगळीएवढे मासे खड्ड्यात सांडले.

"हे एवढेसे काऊन धरले व?" मीराबाई म्हणाल्या.

सोमारीनं वाकून त्यातला एक उचलला, तळहातावर ठेवला.

"हे धराचे नोयते, बाई. हे पुढच्या सालचे होते."

मग तिनं तो परत खड्ड्यात ठेवला, आणि रुखमा हातानं माती लोटू लागली.