दाराशेजारची भिंत

हिवाळ्यात, दुपारी चार वाजता फिनलंडमधल्या औलूत अंधार पडला आणि तूलीच्या पडद्यावर, दारात उभ्या योद्ध्याला दुसरा बाण लागला. समोर एक लांडगा होता, त्याच्यामागे तिरंदाज. या खेळात मेलेला योद्धा परत उठत नाही. तीन महिन्यांची मोहीम पुसली जाते. पण कळ दाबेपर्यंत शत्रूही हलत नाही, म्हणून तिने हात मागे घेतला. “दारात कसली उभी राहतेस? पाहुणे येणारेत का?” भाऊ यार्को मागून डोकावत म्हणाला. “दारात एका वेळी एकच अंगावर येतो, शहाण्या.” “आणि बाण? ते रांग लावतात?” दाराशेजारच्या भिंतीआड योद्धा तिरंदाजांना दिसणार नव्हता, पण सरकताना समोरचा लांडगा चावणारच. “चावू दे गं. बाणांपेक्षा बरा.” तूलीने कळ दाबली. लांडगा चावला, योद्ध्यात जेमतेम जीव उरला. पण लांडगाच दारात शिरल्याने तिरंदाज बाहेर अडले. तूलीने वार केला. लांडगा लंगडला, पडला नाही. पाळी त्याची होती.