काढ्याचं मडकं

गेंग भाऊजींना रीत ठाऊक नव्हती म्हणावं, तर जन्म सगळा इथेच, चीनच्या हेनान प्रांतात गेलेला. तरी हा बाबा सकाळी सकाळी मियाओबाईंच्या दारात काढ्याचं मडकं घेऊन उभा. घासूनपुसून लख्ख केलेलं. झाकण घसरू नये म्हणून वर लाल दोरी. लाल दोरी! जसा काही लग्नाचा आहेरच.

"मागे सरा," मियाओबाई म्हणाल्या. "उंबऱ्याच्या आत आणलंत तर बघा."

काढ्याचं मडकं उसनं न्यावं, परत आणून देऊ नये. परत आणलं की त्याच्या मागोमाग दुखणंही घरात शिरतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ते ज्याच्याकडे असेल त्याच्याकडेच राहतं. पुढे ज्याच्या घरी आजारपण येईल त्याने स्वतः जाऊन आणावं, मग तो मडक्याचा मालक का असेना. धडधाकट माणसाने मागायला जाऊच नये.

गेंग भाऊजींनी ते बायकोसाठी नेलं होतं. काढे उकळले, उकळले, आणि बायको गेली. मडकं त्यांच्याच घरी, मियाओबाईंच्या समोरच्या दारामागे राहिलं. त्यानंतर किती हिवाळे आले नि गेले, मियाओबाई काही ते आणायला गेल्या नाहीत. कशाला जातील? आजारी कोण होतं?

त्या रोज पहाटे उठून गिरणीच्या वसाहतीतल्या अंगणात मांड्यांवर तळवे आपटायच्या, रक्त फिरतं राहावं म्हणून. सकाळी आल्याचा तुकडा. दिवसभर थर्मासमध्ये गरम पाणी, त्यात वाळलेली लाल बोरं. भर उन्हाळ्यातही थंड पाण्याचा थेंब नाही. रात्री दवण्यासारख्या कडू पाल्याच्या पाण्यात घोट्यापर्यंत पाय. औषधाच्या दुकानातले सांग वैद्य त्यांच्या मनगटावर तीन बोटं ठेवायचे आणि लगेच उचलायचे. "नाडी तरण्या पोरीची आहे बाई, घरी जा." ती बोटं आणखी जरा वेळ राहिली असती तरी चाललं असतं. पण असलं काही मियाओबाई बोलायच्या नाहीत. मुलगे फोन करायचे. "आई, तब्येत?" "ठणठणीत." "बरं मग, ठेवतो." ठणठणीत बाईशी आणखी काय बोलायचं असतं?

आणि नवऱ्यामागे राहिलेली बाई बायकोमागे राहिलेल्या माणसाच्या दारात बिनकामाची जाते थोडीच? जिन्याला डोळे असतात. ते डोळे आत्ताही खालून वर आले. खालच्या मजल्यावरची झाईबाई, हातात कांद्याच्या पातीची जुडी.

"काय हो काकू, सक्काळी सक्काळी आहेर?"

"तू तुझी पात निवड जा."

ती कसली जातेय. कठड्याला टेकून उभी राहिली.

"भाऊजी, तुमचं काय घोडं मारलं मी?" मियाओबाईंनी विचारलं. "माझ्या घरात दुखणं आणून टाकताय ते?"

"तसं नाही हो वहिनी. पोरगा शेनझेनला बोलावतोय. तिकीट काढू का विचारतो. आज सांगायचंय त्याला. घराला कुलूप लागलं की मडकं आत अडकेल. दुसऱ्याची वस्तू."

"मग फोडून टाकायचं होतं."

"तुमचं आहे ते." भाऊजींनी मडकं छातीशी धरलं. "वाट बघितली वहिनी, खरंच. थंडी पडली की वाटायचं, आता तरी शिंकाल. दाराला कान लावून बसायचो, खोकला ऐकू येतोय का म्हणून. मनात वाईट नव्हतं काही. वाटायचं, मडकं न्यायला याल, घोटभर चहा घ्याल. पण तुमच्या वाटेला सर्दीसुद्धा जात नाही!"

झाईबाई फिसकन हसली आणि मियाओबाईंनी बघताच पात निवडू लागली.

"तिकडे शेनझेनला काय आहे?"

"टीव्ही मोठा आहे. पोरगा-सून सकाळी जातात ते रात्री येतात."

"आणि इथे काय होतं?"

"इथे हे मडकं होतं," भाऊजी म्हणाले, आणि त्यांनी ते पुढे केलं.

मियाओबाईंनी दोरी सैल केली आणि झाकण सारून आत पाहिलं. काढ्याचा वाससुद्धा शिल्लक नव्हता. एवढं लख्ख मडकं एका दिवसात होत नाही. हा माणूस ते पुन्हा पुन्हा घासत बसला असणार. आता हात पुढे केला की संपलं. हे दार लागेल, समोरच्या दाराला कुलूप पडेल, आणि दोन्ही दारांमधल्या या चार फरश्यांवर कुणी कुणाला हाक मारणार नाही. मागे त्यांच्या घरात किटली उकळून उकळून गप्प झाली होती. ती उतरवायला आत दुसरं कुणी नव्हतं.

त्यांनी हात पुढे केला नाही. झाकण बसवलं, लाल दोरी घट्ट केली आणि पदर नसला तरी पदर खोचावा तशा ताठ झाल्या. मग सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"गेंग भाऊजी, तुम्हांला अक्कल नाही आणि या वयात आता ती यायचीही नाही. मडकं मुकाट्याने घरी न्या आणि पोराला सांगा, तिकीट काढू नको. उद्या सकाळी मला ताप येणार आहे, मी येते न्यायला. परवा तुम्ही खोकायला लागा."