बोटातली नखी

सतारीत एम.ए. करून सात वर्षं वणवण केल्यावर प्रज्ञाला जयपूरच्या गोपालपुऱ्यातल्या कोचिंग क्लासमध्ये करिअर काउन्सेलरची नोकरी लागली. येईल त्याला इंजिनिअरिंगकडे वळवायचं, एवढंच काम. आज एक तरी प्रवेश पक्का करा, नाहीतर उद्या येऊ नका, असं मालकांनी सकाळीच सांगितलं होतं. दुपारी विमा कंपनीतले एक साहेब लेकीला घेऊन आले. “मॅडम, जयपुरात मराठी भेटलात म्हणून बोलतो. हिला सतारीत करिअर करायचंय. जरा समजवा.” “सतारीवर पोट भरत नाही, बेटा,” प्रज्ञाने पाठ झालेलं भाषण दमल्या आवाजात सुरू केलं. मुलगी प्रज्ञाच्या बोटाकडे बघत होती. रियाजानंतर सतारीची नखी काढायची राहिली होती. “पापा, मॅडम सतारच शिकल्यात. मतलब, नोकरी लागते ना.” साहेबांनी एसीकडे, खुर्चीकडे पाहिलं. “पर्मनंट आहे का?” “ते आज हिच्या प्रवेशावर आहे,” प्रज्ञा म्हणाली.