पंख्यातली हाक

“मॅडम, जागं राहायची पट्टी लावल्यावर तुम्हालाही कुणी हाक मारतं का हो?” मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून इरावतीनं भर वर्गात विचारूनच टाकलं.

मॅडम हसल्या. “पट्टीतलं कॅफिन जास्त झालं आणि त्यात परीक्षेचं टेन्शन, की पंख्याच्या घरघरीतही हाका ऐकू येतात गं. पट्टी काढलीत की थांबेल.”

मुलींनी खिदळत दंडावरच्या पट्ट्या ओढून काढल्या. इरावतीचा हात मात्र थबकला. कुलूप उघडून पंखा लावल्यावर “आलीस का गं, इरू?” असं विचारणारं घरात दुसरं होतंच कोण?

संध्याकाळी आई-बाबा आपापल्या पट्ट्या लावून लॅपटॉपसमोर बसले होते. ती मध्येच जाऊन उभी राहिली.

“मी पट्टी काढतेय. उद्यापासून मला हाक तुम्ही मारायची. दोघांनीही!”