पानाची बाटली

टक्.

"अप्पा, झाकण!" स्फूर्ती ओरडली आणि तिनं जीभ चावली. आधी सांगायचं असतं. ह्या घरात आवाज होण्याआधी सांगायची पद्धत आहे. कुकरची शिटी, मिक्सर, दाराची कडी, आलीच तर शिंकसुद्धा. चार वर्षांच्या पोरीला वाटतं, सगळ्या कुंभकोणमात असंच सांगतात.

प्रद्युम्नचे खांदे वर गेले, हळूहळू खाली आले. "असू दे गं. झाकणाला कोण भितं? आण इकडे."

खिडकीजवळच्या बाकावर औषधाच्या चार तपकिरी बाटल्या होत्या. आत औषध नव्हतं. एकीत कॉफीची पूड, एकीत विड्याचं पान, एकीत स्वामीमलैच्या मूर्तिकाराकडून आणलेला मेणाचा गोळा, एकीत डांगरासाठी भाजलेलं उडदाचं पीठ.

सरहद्दीवर सुरुंग फुटला तेव्हा स्फूर्ती वीस दिवसांची होती. त्यानं तिला फक्त फोनवर पाहिलं होतं. डोक्याची जखम भरली, फौजेनं घरी पाठवलं, पण वास गेला तो गेलाच. त्याच्यामागून चव गेली, झोप गेली, बोलणं गेलं. गोळ्यांनी झोप तेवढी परत आली. मग फोनवरून उपचार सांगणाऱ्या वाणी मॅडमनी हे सुचवलं. लहानपणापासून ओळखीचे चार वास रोज सकाळी हुंगायचे, वीस मोजेपर्यंत, आणि आठवेल ते मोठ्यानं सांगायचं. "नवा उपचार आहे. होईलच असं म्हणत नाही मी. कापूर मात्र नको हं, तो नाकाला झोंबतो, आणि उगाच वाटतं, आला म्हणून."

वास आला का, ते त्याच्या बायकोनं, सुप्रजानं, वहीत रोज एका शब्दात लिहायचं. तीन महिने तिनं 'नाही' लिहिलं. गेले अकरा दिवस 'थोडा'. आज मॅडमचा फोन यायचा होता.

कॉफी झाली. मेण झालं. मेणाची गोष्ट स्फूर्तीला पाठ होती. शाळेत असताना अप्पांनी चड्डीच्या खिशात मेणाचा गोळा ठेवला, तो उन्हात विरघळला, आणि आजोबा आठवडाभर त्यांना 'मेणाचा मारुती' म्हणत होते.

"आता पान," सुप्रजा म्हणाली.

त्यानं डोळे मिटले. स्फूर्ती मोजायला लागली. ओण्णु, रेण्डु, मूणु. तिला दहापर्यंतच येतं, म्हणून ती दोनदा मोजते.

"अक्काचं लग्न," तो म्हणाला. "मला आणि शेजारच्या सुंदरला पानं पुसायला बसवलेलं. ओलं फडकं घ्यायचं, पान पुसायचं, देठ मोडायचा. हजार पानं! नखं हिरवी झाली. दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर. मी आपला बोटं नाकाशी धरून बसलोय. सर म्हणाले, काय रे, उत्तर नाकात लिहून आणलंस काय?"

सुप्रजा हसली. इतकं सलग बोलताना तिनं त्याला लग्नानंतरच्या पहिल्या रजेत ऐकलं होतं, महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर. तेव्हा तीच म्हणायची, आता पुरे, लोक बघतात. आता दिवसभरात एवढीच दहा मिनिटं तो तसा असायचा.

"आज तर चांगलाच येतोय," डोळे न उघडता तो म्हणाला. "थोडा नको लिहू. 'आला' लिही."

तिनं पेन्सिल उचलली. आणि तिची नजर स्वयंपाकघराच्या ओट्यावर गेली. आजचं पान तिथंच होतं, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. कालचं तिनं रात्रीच टाकलं होतं. बाटली उकळत्या पाण्यानं धुतली होती. ताजं पान घालायचं राहून गेलं होतं.

स्फूर्तीनं बाटलीत नाक खुपसलं. "अम्मा, ह्यात काही…"

"झाकण लाव, स्फूर्ती."

"पण आत पानच नाही!"

प्रद्युम्ननं डोळे उघडले. बाटली घेतली, उजेडाकडे धरली. खाली ठेवली, आवाज न करता.

"कॉफीचा तरी येतो?" सुप्रजानं विचारलं. "मेणाचा?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. "तू त्या दिवशी 'नाही' लिहिताना रडलीस. बारा दिवस झाले. मी पाहिलं."

तिनं वहीतल्या अकरा 'थोडा'वरून नजर फिरवली.

"पण पानं खरी होती हं," तो घाईनं म्हणाला. "लग्न, सुंदर, नखं. त्यातलं काहीसुद्धा खोटं नाही."

"हजार?" पदरानं नाक पुसत ती म्हणाली. "काल पाचशे होती."

"काल पाचशेच आठवली होती."

तिनं वहीत 'नाही' लिहिलं. मग पुढं, मॅडमना कळो न कळो, 'हजार पानं' असं लिहिलं.

स्फूर्ती दोघांकडे बघत होती. मग ती बाकावर चढली, अप्पांच्या मांडीत शिरली आणि आपलं डोकं तिनं त्यांच्या नाकाखाली आणलं. सकाळीच न्हाऊ घातलेलं, अजून ओलं.

"अप्पा, आता मी. मोजते हं."

ओण्णु, रेण्डु, मूणु. प्रद्युम्ननं डोळे मिटले. त्याचा हात तिच्या पाठीवर होता. दहा झाले. तिनं पुन्हा एकपासून सुरू केलं, ह्या वेळी सावकाश, त्यांना वेळ मिळावा म्हणून. पुन्हा दहा झाले.

ती वाट बघत राहिली. मग मान वळवून तिनं आईकडे पाहिलं.

"अम्मा, अप्पा माझी गोष्ट का सांगत नाहीत?"